मेनच्या बेटांवरच्या मच्छीमारांसाठी देणगी: खरंच गरज आहे का?

निवांत

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवाटेचा आहे, पण इथे न्यू इंग्लंडात राहणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतो.

ऑगस्टमध्ये आम्ही चौघं अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यात जाऊन आलो. रॉकलंडला गाडी लावली, सव्वा तासाच्या फेरीबोटीने व्हायनलहेवन बेटावर गेलो, ग्रॅनाइटच्या जुन्या खाणीत साठलेल्या पाण्यात पोरं मनसोक्त डुंबली आणि संध्याकाळी परत आलो. रॉकलंडमध्ये 'वर्किंग वॉटरफ्रंट' नावाचं वर्तमानपत्र फुकट मिळालं होतं, ते फेरीत वाचून काढलं. आयलंड इन्स्टिट्यूट ही संस्था ते काढते. १९८३ साली फिलिप कॉंक्लिंग आणि पीटर राल्स्टन या दोघांनी ती सुरू केली. बेटांवर आणि किनाऱ्यावर बारा महिने राहणाऱ्या, मुख्यतः मासेमारीवर जगणाऱ्या वस्त्यांसाठी तिचं काम चालतं.

मी दर वर्षाअखेर कुठल्यातरी एका संस्थेला पाचशे डॉलर देतो, आमची कंपनी त्यात तेवढेच घालते. या वर्षी ही संस्था मनात आली, पण दोन शंका आहेत. पहिली: काम काय करता, तर शाळा, घरं, इंटरनेट, वीज, धक्के, मत्स्यशेती, सगळंच. सगळंच करणाऱ्या संस्थांची मला थोडी धास्ती वाटते. दुसरी शंका जास्त खरी आहे. खाडीत पांढऱ्याशुभ्र शिडाच्या नौका, टेकडीवर महालासारखी घरं, आणि लॉब्स्टरवाल्यांच्या बोटीही काही लाख डॉलरच्या. अशांना माझे पाचशे डॉलर कशाला हवेत? माझ्याहून तेच श्रीमंत असतील.

कुणाला आतली माहिती असेल तर सांगा. उपदेश नको, अनुभव हवा.

चहाबाज

देणगीबिणगी सोडा. लॉब्स्टर विकत घेऊन खा, तीच मदत. आम्ही गेल्या वर्षी तीनदा केली. :)

खारावारा

निवांत, तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात तिथेच घोळ झाला. वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांचा होतो. आमचाही झाला होता.

२०२१ च्या सप्टेंबरात नवऱ्याला अशाच एका बेटावरच्या दवाखान्यात दोन वर्षांची नोकरी लागली. बेटाचं नाव लिहीत नाही. एवढ्याशा गावात 'ते निळ्या दाराचं घर' म्हटलं तरी कुणाबद्दल बोलतेय ते सगळ्यांना कळतं. मला आकडेमोड येते म्हणून मी तिथल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थेत हिशेब लिहायला लागले. त्यामुळे चहाबाज यांच्या मुद्द्यावर आधी बोलते.

दुपारी दीड-दोनपासून बोटी धक्क्याला लागायच्या. क्रेट तोलले की एक चिठ्ठी वर माझ्या टेबलावर यायची. मऊ कवचाचे किती पौंड, कडक कवचाचे किती, त्यातून वजा डिझेल, वजा आमिष. आमिष म्हणजे खारवलेलं हेरिंग किंवा पोगी नावाचा तेलकट मासा. तो वास चिठ्ठीला, चिठ्ठीतून माझ्या बोटांना, बोटांतून घरच्या दाराच्या मुठीला. लिंबू चोळून पाहिलं, कॉफीची पूड चोळून पाहिली. शेवटी वासाला घरातलाच माणूस समजायला लागलो.

मी पोचले ते वर्ष सोन्याचं होतं. २०२१ साली मेनच्या धक्क्यांवर पौंडाला सरासरी साडेसहा डॉलरच्या वर भाव मिळाला. लोक नवे ट्रक घेत होते, बोटींची इंजिनं बदलत होते. पुढच्याच वर्षी भाव चारच्या आसपास आला आणि त्याच वर्षी डिझेल भडकलं. खालच्या दोन ओळी फुगत गेल्या आणि वरची ओळ आटत गेली. एक म्हातारा गडी रोज जिना चढून यायचा, चिठ्ठी माझ्या हातातून घ्यायचा, चष्मा कपाळावर सरकवून वाचायचा आणि म्हणायचा, "आज मी देवमाशांना फुकट जेवण घातलं वाटतं." त्या दिवशी त्याच्या मदतनिसाला देऊन त्याच्या हातात काय उरलं ते मला दिसत होतं, कारण वजाबाकी मीच केली होती. उपाहारगृहात तुमच्या पानातल्या लॉब्स्टरची किंमत त्या वर्षी काही अर्धी झाली नव्हती. तेव्हा चहाबाज, खा जरूर, पण त्यातलं धक्क्यावर किती पोचतं ते त्या चिठ्ठीवर दिसतं.

बोट लाखांची असते हे खरं. बँकेचं कर्जही लाखांचं असतं.

पण निवांत, पैसा हा तिथला मुख्य प्रश्न नाहीच. माणसांचे तास, आणि ते राहतील अशी घरं, ही खरी टंचाई. तीही नोव्हेंबर ते एप्रिल.

तुम्ही पाहिलेली महालासारखी घरं मजुरांच्या दिवशी बंद होतात. सप्टेंबरचा पहिला सोमवार झाला की नळातलं पाणी काढून टाकतात, नाहीतर गोठून नळ फुटतात. खिडक्यांना फळ्या. बेट एका आठवड्यात रिकामं. उरतो आम्ही. त्यात शाळेची मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, दुकान आठवड्यातून चार दिवस, आणि गावच्या सगळ्या समित्यांवर तीच ती सहा माणसं. अग्निशमन दलाचा प्रमुख तोच रस्त्यांचा प्रमुख, तोच शाळा समितीवर, आणि तोच पहाटे चारला पिंजरे ओढायला निघालेला.

आता असं बघा. वीज वाचवायला सरकारी अनुदान आहे. धक्का उंच करायला आहे. विहिरी तपासायलाही आहे. अर्ज मात्र साठ पानांचा, त्यात अभियंत्याचा अहवाल, तीन निविदा आणि 'या प्रकल्पाचा समाजावर होणारा परिणाम' असला निबंध. पहाटे चारला उठलेला माणूस रात्री आठला तो निबंध लिहील का? अनुदान असतं, घ्यायला कुणी नसतं.

इथे ही संस्था येते. त्यांची एक योजना आहे, आयलंड फेलो म्हणतात. १९९९ पासून चालू आहे. नुकतंच शिक्षण झालेली मुलं दोन वर्षं बेटावर येऊन राहतात आणि गावाने मागितलेलं काम करतात. आमच्याकडे एक मुलगी होती, समुद्र कधी न पाहिलेली. पहिल्या थंडीत सगळे तिच्याकडे 'ही कधी जाणार' अशाच नजरेने बघायचे. माझ्याकडेही तसंच बघायचे, त्यामुळे आमची मैत्री लगेच झाली. तिने पहिले तीन महिने काही म्हणजे काही 'उपक्रम' केला नाही. शाळेत पोरांना वाचून दाखवायची, दुपारी गावकचेरीत बसून जुने कागद लावायची. जानेवारीत एकाने तिला विचारलं, "तुला तो वीजवाला अर्ज भरता येईल का गं?" तिथून गाडी रुळावर आली.

एक दृश्य सांगते. ऑक्टोबरमध्ये गावच्या सभागृहात आठवडाभर खिडक्यांच्या चौकटी बनवायचं काम चालायचं. रॉकलंडमधूनच सुरू झालेला विंडोड्रेसर्स नावाचा उपक्रम आहे, त्यांची पद्धत. पाइनच्या लाकडाची हलकी चौकट, तिच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लास्टिकचा पडदा, कडेला फोमची पट्टी. गरम हवा मारली की पडदा तबल्याच्या पुडीसारखा ताणला जातो. चौकट खिडकीत आतून दाबून बसवायची, की फटीतला वारा बंद. मी पडदे ताणायच्या टेबलावर होते. माझ्यासमोर ऐंशीच्या पुढची एक आजी, ती फोम चिकटवायची आणि प्रत्येक चौकटीवरचा नंबर बघून सांगायची, ही अमक्याच्या न्हाणीघराची, त्याच्या आज्याने ती खिडकी वाकडी बसवली होती म्हणून माप असं आहे. खरंच एकही खिडकी काटकोनात नव्हती. आमच्या घराला अकरा चौकटी बसल्या आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा मी स्वयंपाकघरात टोपी काढली.

हे सगळं करायला पैसे किती लागले? फार नाहीत. कुणीतरी घरोघरी जाऊन मापं घ्यावी लागली, याद्या कराव्या लागल्या, लाकूड फेरीवर चढवून आणावं लागलं. ते 'कुणीतरी' म्हणजे ती मुलगी. तिच्या पगाराला देणग्या लागतात. 'सगळंच करणारी संस्था' ही तुमची धास्ती मला कळते, पण बेटावर शाळा, घर, वीज, धक्का हे वेगवेगळे विषय नसतातच. घर नाही म्हणून शिक्षक येत नाही, शिक्षक नाही म्हणून पोरंवाली कुटुंबं मुख्य भूमीवर जातात, कुटुंब गेलं की बोटही जाते.

एक उणीवही सांगते. दोन वर्षं संपली, ती गेली, आणि महिन्याभराने लक्षात आलं की विजेच्या सगळ्या हिशेबाचा तक्ता नेमका कुठे ठेवलाय ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. तिने दोनदा विचारलं होतं, "कुणाला शिकवून ठेवू?" आम्ही "बघू, बघू" म्हणत राहिलो. सहा माणसांच्या गावात सातवा मिळाला की पहिले सहा जरा पाय पसरतात.

निवांत

खारावारा, मनापासून आभार. मजुरांच्या दिवसानंतर नळ रिकामे करतात हे वाचून आमची ही म्हणाली, "मग आपण बघितलं ते काय होतं?"

एक विचारतो. घरांचा प्रश्न नीट कळला नाही. एवढी घरं आठ-नऊ महिने रिकामी पडतात म्हणता, मग शिक्षकाला घर नाही असं कसं?

खारावारा

अहो, तोच तर विनोद आहे. रिकामं घर सप्टेंबर ते मे भाड्याने मिळतं, सुदैव असेल तर. जून उजाडला की मालक येतो, किंवा आठवड्याच्या भाड्याने पाहुण्यांना देतो आणि एका आठवड्यात तुमचं महिन्याचं भाडं वसूल करतो. मग भाडेकरूने बिऱ्हाड उचलायचं. पहिल्या जूनमध्ये आम्ही एका मच्छीमाराच्या आमिषाच्या कोठाराच्या माळ्यावर राहिलो. खाली आमिषाची पिंपं. नवऱ्याने दवाखान्यात सांगून ठेवलं होतं, पेशंटनी वासाबद्दल तक्रार केली तर मी जबाबदार नाही. कुणी केली नाही, सगळ्यांना तोच वास.

आमचं निभावलं कारण आम्हाला मूल नव्हतं. शाळेसाठी निवडलेली एक बाई मात्र दोन लेकरांसह आली, जागा बघून गेली आणि चार दिवसांनी नाही म्हणून कळवलं. तिचं काहीच चुकलं नाही.

मेनमध्ये एके काळी अशा बारमाही बेट-वस्त्या तीनशेच्या घरात होत्या. आज पूल नसलेल्या पंधरा उरल्यात. मटिनिकस बेटाच्या शेजारी क्रीहेवन आहे. तिथेही शाळा होती, टपाल होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ते गेलं आणि बारमाही वस्ती संपली. आता मच्छीमार हंगामापुरते येऊन राहतात. लॉब्स्टर तिथे अजूनही भरपूर आहे. म्हणजे मासा संपला म्हणून बेट उठलं असं झालेलं नाही.

भरतीओहोटी

मी पोर्टलंडजवळ राहतो, समुद्रशास्त्राशी संबंधित काम करतो. खारावारा यांचं लिखाण छान आहे, पण थोडं थंड पाणी ओततो.

बेटावर घर बांधलं, शाळा चालवली, सगळं केलं, तरी ही अर्थव्यवस्था एका प्राण्यावर उभी आहे. कॉड मासा गेला. मेनच्या आखातातली छोटी कोळंबी २०१४ च्या हंगामापासून बंद आहे. उरला लॉब्स्टर. २०१६ मध्ये मेनमध्ये १३ कोटी पौंडांच्या वर लॉब्स्टर उतरला, तो विक्रम. २०२४ मध्ये आकडा ९ कोटींच्याही खाली होता. मेनचं आखात जगातल्या बहुतेक समुद्रांपेक्षा वेगाने तापतंय. लॉब्स्टर मधली काही वर्षं या ऊबेमुळेच वाढला, पण दक्षिणेकडे लॉंग आयलंड साउंडमध्ये तोच लॉब्स्टर कोसळलेला आपण पाहिलाय.

हा अपराध मच्छीमारांचा नाही, उलट त्यांचे नियम पाहण्यासारखे आहेत. डोळ्याच्या खाचेपासून पाठीच्या कवचाच्या टोकापर्यंत सव्वातीन इंचांपेक्षा लहान असेल तर पाण्यात परत, पाच इंचांपेक्षा मोठा असेल तरी परत. अंडी असलेली मादी सापडली तर तिच्या शेपटीच्या पाकळीला व्ही आकाराची खाच पाडायची आणि सोडून द्यायची. पुढे कुणालाही ती खाचवाली मादी मिळाली, अंडी असोत नसोत, सोडावीच लागते. एका माणसाला जास्तीत जास्त ८०० पिंजरे. बोटीचा मालक स्वतः बोटीवर हवा, त्यामुळे कंपन्यांनी ताफे विकत घेऊन गावं गिळली असं इथे झालं नाही. इतकं करूनही पाणी तापलंच.

राइट व्हेल हा प्रश्न आहेच. दोरात देवमासे अडकतात म्हणून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या मत्स्यालयाच्या 'कोणते मासे खावेत' या यादीत अमेरिकन लॉब्स्टर 'टाळा' या रकान्यात गेला. इथे त्यावर केवढा संताप झाला. बाहेरून कुणी 'संस्था' म्हटलं की धक्क्यावर माणसं गप्प होतात, त्याला असंही कारण आहे.

तेव्हा निवांत, माझं मत असं की मासा आणि माणूस दोन्ही बघणाऱ्याला पैसे द्या. स्टोनिंग्टनला मेन सेंटर फॉर कोस्टल फिशरीज आहे. तिच्या संस्थापकांपैकी एक टेड एम्स. व्हायनलहेवनचा मच्छीमार माणूस. त्याने म्हाताऱ्या मच्छीमारांच्या मुलाखती घेऊन कॉड पूर्वी कुठे अंडी घालायचा त्याचा नकाशा काढला, आणि २००५ मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. विज्ञानाने म्हाताऱ्यांचं ऐकलं की काय होतं ते त्या नकाशात दिसतं. ब्रन्सविकला मेन कोस्ट फिशरमेन्स असोसिएशन आहे. २०२० मध्ये बाजार बंद पडले तेव्हा मच्छीमारांकडून मासे रास्त भावाने घेऊन त्यांनी शाळा आणि अन्नपेढ्यांना पुरवायला सुरुवात केली. त्यात पैसे कुठे गेले हे एका वाक्यात सांगता येतं.

चहाबाज

मी माझी पहिली प्रतिक्रिया मागे घेतो. (लॉब्स्टर मागे घेता येत नाही.)

एक अज्ञानी शंका: मग हे लोक दुसरं काहीतरी का पिकवत नाहीत? कालवं वगैरे?

खारावारा

भरतीओहोटी, पाणी थंड ओतलंत तरी खरं ओतलंत. पण 'मासा आधी की माणूस आधी' यावर थोडं भांडते.

चहाबाज, कालवं, शिंपले, केल्प नावाचं समुद्रशेवाळ, हे सगळं होतंय आणि त्यातही आयलंड इन्स्टिट्यूटचा हात आहे. मच्छीमारांना मत्स्यशेतीचा धंदा कसा मांडायचा हे ते शिकवतात. केल्पची गंमत म्हणजे वेळापत्रक. शरदात दोरावर रोपं लावायची, वसंतात कापणी, म्हणजे लॉब्स्टरचा हंगाम मंद असतो नेमका तेव्हा. बोट तीच, दोर ओढायचं यंत्र तेच. लहान सुरुवात करायला राज्याचा ४०० चौरस फुटांचा वर्षभराचा छोटा परवाना मिळतो.

आमच्याकडे एकाने केल्प लावून पाहिलं. एप्रिलमध्ये त्याने मला दोर बघायला नेलं. पाण्याखालून दोर वर ओढला तर त्याच्यावर चहाच्या रंगाच्या, माझ्याहून उंच पट्ट्या लोंबत होत्या, काठाला झालर. तो खूश. मग म्हणाला, "आता हे ओलं राहीपर्यंत कुणीतरी विकत घ्यायला हवं." तिथेच गाडी अडते. केल्प काढल्यावर लगेच थंड करावं, वाळवावं किंवा गोठवावं लागतं, ते करणारी जागा मुख्य भूमीवर, आणि मध्ये फेरी. त्याने दोन वर्षं केलं. तिसऱ्या वर्षी कालवांकडे वळला. लॉब्स्टर सोडला नाहीच. कुणी सोडत नाही. ही जोडधंद्याची गोष्ट आहे, पर्यायाची नाही, इथे भरतीओहोटींशी मी सहमत.

पण मासा बदलला तरी एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे धक्का. मेनचा किनारा दंतुर, खाड्या-बेटं मोजली तर हजारो मैल भरतो. याच संस्थेने २००७ च्या सुमारास नकाशे काढले, तर मासेमारीच्या प्रत्यक्ष कामाला उपलब्ध किनारा भरला जेमतेम २० मैल. बाकीचा घरांचा, हॉटेलांचा, झाडांचा. त्या २० मैलांतला एकेक धक्का म्हाताऱ्या मालकाच्या वारसांनी विकला की तिथे व्हरांडा होतो आणि व्हरांड्यातल्या पाहुण्यांना पहाटे चारचं डिझेल इंजिन सहन होत नाही. राज्याच्या निधीतून काही धक्क्यांचे हक्क असे बांधून घेतलेत की मालक बदलला तरी तिथे मासेमारीच व्हावी. तेही पुन्हा साठ पानी अर्ज करूनच.

२०२४ च्या जानेवारीत १० आणि १३ तारखेला लागोपाठ दोन वादळं आली. आम्ही तोवर मुख्य भूमीवर राहायला आलो होतो. १३ तारखेला पोर्टलंडला भरतीची उंची १४.५७ फूट गेली, मोजणी सुरू झाल्यापासूनची सर्वांत जास्त. साउथ पोर्टलंड शहरातल्या विलर्ड बीचवरच्या शंभरेक वर्षांच्या मासेमारीच्या खोपट्या लाटेने उचलून नेल्या, ते चित्रण तुम्ही पाहिलं असेल. मला बेटावरून एकीने फोटो पाठवला. मी ज्या जिन्याने वर जायचे त्या जिन्याच्या पायऱ्या अधांतरी, खालचा तोलकाटा गायब, आणि भिंतीवर माझ्या हातची आमिषाच्या दरांची पाटी जशीच्या तशी. त्यावर जुने दर. खाली तिने लिहिलं होतं, "हे दर परत मिळतील का?"

त्या धक्क्याचं काम पुढच्या मोसमात झालं. मदतीचा अर्ज कुणी भरला असेल? गावातल्याच एका मच्छीमाराच्या बायकोने. पडदे ताणायच्या टेबलावर ती माझ्या डाव्या हाताला असायची, त्या फेलो मुलीकडून बघत बघत शिकली. म्हणजे आम्ही 'बघू बघू' म्हणत होतो तेव्हा कुणीतरी खरंच बघत होतं.

म्हणून मासा की माणूस यावर माझं उत्तर माणूस असं येतं. मासा कमी झाला तर काय करायचं हे ठरवायलाही कुणीतरी तिथे राहायला हवा.

भरतीओहोटी

मान्य. अर्धं. :) बेटांसाठी परवान्यांची वेगळी सोय आहे, तेही लिहायला हवं होतं. एरवी लॉब्स्टरचा परवाना मिळायला उमेदवारी करून वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं. काही बेटांना स्वतःपुरते परवाने ठरवता येतात, म्हणजे बेटावर वाढलेल्या पोराला रांग संपेपर्यंत म्हातारं व्हावं लागत नाही. मासा आणि माणूस एकत्र मोजणारा नियम, माझ्या मते सगळ्यात शहाणा.

निवांत

धाग्याचं काय होणार याची कल्पना नव्हती. घरात ठराव झाला: पाचशेतले तीनशे आयलंड इन्स्टिट्यूटला, दोनशे स्टोनिंग्टनला. संस्थांची करविवरणपत्रं वाचून पाहिली, ती सगळ्यांना खुली असतात, कुणी देणार असेल तर जरूर वाचा.

आता शेवटचं. आमच्या हिला फेब्रुवारीत जाऊन बघायचंय. वेडेपणा आहे का?

खारावारा

आहे. जा.

गाडी फेरीवर नेऊ नका, रॉकलंडला ठेवा. हिवाळ्यात गाड्यांच्या जागा बेटावरच्या लोकांना लागतात, कुणाला दवाखान्यात जायचं असतं, कुणाला इंजिनाचा भाग आणायचा असतो. व्हायनलहेवन किंवा नॉर्थ हेवनला जा, मटिनिकसला नको, तिथे हिवाळ्यात फेरी महिन्यातून एखादीच असते आणि परत यायला छोट्या विमानाच्या मेहेरबानीवर राहावं लागतं. वारा असेल तर फेरी रद्द होते, तेव्हा सोमवारची सुट्टी टाकून ठेवा. राहायची सोय आधी फोनवर विचारून घ्या, इंटरनेटवर 'उघडं' दिसलं तरी विश्वास ठेवू नका.

रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल. ओळखीचा समजून गोंधळू नका, तो सगळ्यांनाच करतो. तुम्हीही उचला. हातमोजे जाड असतील तर अख्खा हात उचला, नाहीतर दिसत नाही. आणि बटाटे, कांदे, दूध जाताना घेऊन जा. दुकान त्या दिवशी बंद निघालं तर कुणाच्या तरी दारात जाऊन मागावं लागेल. ते देतील, पण मग तासभर बसवूनही घेतील.